आपोआप घडी होणारी चादर

३ मार्च

प्रिय मामा,

तुला एक नमस्कार आणि मामीला दोन, कारण ती तुला सांभाळते.

तुला फोन करण्यात अर्थ नाही हे आता मला पटलंय. तिकडे लॉन्ड्रीत तुझं मोठं मशीन घरघरत असतं, मी इकडे घसा फोडते, आणि तू "हो हो, पत्रात लिही!" म्हणून ठेवून देतोस. तर घे, लिहिलं.

मी एक नवा उद्योग काढलाय. दर शनिवारी-रविवारी इथल्या सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर वर्ग घेते. फुकट! विषय क्राउडफंडिंग, म्हणजे इंटरनेटवरून गोळा होणारी लोकवर्गणी. कोणी म्हणतो मला एक यंत्र बनवायचंय, कोणी म्हणतो आजारपणाला मदत करा, कोणी कर्ज मागतो, कोणी धंद्यात हिस्सा देतो, आणि जगभरातले अनोळखी लोक थोडेथोडे पैसे घालतात. त्यातून कधीकधी फार सुंदर गोष्टी उभ्या राहतात. कधीकधी मात्र पैसे जातात आणि हाती राहतो तो नुसता आभाराचा ईमेल. हे सगळं कसं चालतं, कुठे घसरतं, ते लोकांना कोणीतरी सांगायला नको का? आणि सांगणाऱ्याचा त्यात काडीचाही फायदा नको. म्हणून मी कुठल्याही कंपनीकडून साधी पेन्सिलसुद्धा घेत नाही. खडूसुद्धा घरून नेते.

आता गंमत. पुढच्या धड्यासाठी मी एक साफ खोटं पान बनवलंय. असली चादर जगात नाही, असा कारखाना नाही, काहीच नाही. धोक्याच्या जेवढ्या खुणा मला ठाऊक आहेत तेवढ्या सगळ्या त्यात ठासून भरल्यात, आणि वर्गातल्या लोकांनी लाल पेन घेऊन त्या शोधायच्या. असल्या पानात एक रडकी गोष्ट लागतेच, म्हणून तीही घातलीय. तू चाळीस वर्षं चादरी धुतोयस, तर वाचून सांग, हे खरं वाटेल का? कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेल्या चादरीची घडी या जगात कोणालाच येत नाही असं मी धरून चाललेय. (तुला येते. तुला मी माणसांत मोजत नाही.)

फक्त एक कर, पान आईला दाखवू नकोस. उगाच काळजी करत बसेल. बाकी ऑफिस वगैरे नेहमीचंच.

तुझी
भिंगरी

(सोबतचं छापील पान)

आपोआप घडी होणारी चादर!
फक्त आठ सेकंदांत! कोपरे इलॅस्टिकचे, तरी घडी कडक!
मी एक साधी मुलगी. या चादरीपायी मी चांगली नोकरी सोडली. जवळची पुंजी संपली. एका खोलीत राहते आणि घरी कोणाला सांगायची हिंमत होत नाही. आता तुम्हीच माझे.
आज पैसे द्या, महिन्याभरात चादर घरपोच! फक्त पहिल्या शंभर भाग्यवंतांसाठी! फोटोऐवजी सध्या चित्र पाहा.
जोखीम: अजिबात नाही. पैसे परत करायची वेळच येणार नाही!

११ मार्च

चि. भिंगरीस,

मामाचा कडक इस्त्रीचा आशीर्वाद.

अगं कार्टे! अगं गुणाची पोर! चादर! आपोआप घडी होणारी! चाळीस वर्षं मी त्या इलॅस्टिकवाल्या भवान्यांशी कुस्ती खेळतोय आणि उत्तर निघालं कुठून, तर माझ्याच भाचीच्या डोक्यातून. मी दुकानात उडी मारली. या वयात. मामीने पाहिलंय.

तुझं पत्र मिळालं. छान होतं. अक्षर सुधारलंय तुझं. पत्राविषयी फार लिहीत नाही, पानाविषयी लिहितो.

ती ओळ वाचली, "चांगली नोकरी सोडली, एका खोलीत राहते," आणि हातातली इस्त्री जिथल्या तिथे थांबली. दातांच्या डॉक्टरच्या पांढऱ्या कोटावर तिकोनी डाग पडला. पडू दे. पण बाळा, एवढं सगळं झालं आणि मामाला कळवायला छापील पान? लहानपणी गुडघा फुटला तरी तू आधी माझ्या दुकानात यायचीस आणि मग घरी जायचीस. विसरलीस?

असो. मामा मेला नाही अजून. तुझं पान मी दुकानाच्या काचेवर लावलं, आतून, म्हणजे वाऱ्याने उडायला नको. आपल्या रस्त्यावर इंटरनेट म्हणजे माझं काउंटर. जो कपडे द्यायला येईल त्याला मी आधी पान वाचायला लावलं आणि मगच कपडे घेतले. बेकरीवाली वाचतावाचता रडली आणि लगेच पैसे काढले. दातांच्या डॉक्टरने कोटाचा डाग विसरून पैसे दिले. निवृत्त हेडबाईंनी पानातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि मग पैसे दिले. आठवड्यात त्रेचाळीस जण झाले! एक नंबरचं टोकन माझं आहे. नव्या बॉयलरसाठी ठेवलेले होते ते घातले. जुना फुसफुसतो, फुसफुसू दे. सतरा नंबरचं टोकन मामीने फाडलं, कोणासाठी ते विचारलं तर म्हणते तुला काय करायचंय.

ताईनेही काचेवरचं पान वाचलं हं. तुझ्या आईची पद्धत तुला माहीत आहे. दोनदा वाचलं, "हं" म्हणाली आणि गेली.

आता सांग, पैसे कुठे पाठवू?

तुझा
मामा

ता.क. मी मामी. तू पत्रात काय लिहिलं होतंस गं? हा मला दाखवत नाही. विचारलं की नीळ ढवळायला लागतो.

१५ मार्च

मामा!!

आधी बस. बसलास? मामी, त्याला बसव.

तुझं पत्र वाचून मी वाचनालयाच्या जिन्यात इतकी हसले की ग्रंथपाल पाणी घेऊन धावत आला. मग पाणी पिताना माझ्या लक्षात आलं की हे हसण्यासारखं अजिबात नाही. तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू "हो हो, किती जमले ते पत्रात सांगतो!" म्हणून ठेवून दिलास.

मामा, चादर नाही. कधी नव्हती. मी पत्रात स्वच्छ लिहिलं होतं! ते पान खोटं आहे, मुद्दाम केलेलं खोटं, लोकांना शहाणं करायला बनवलेलं. आणि माझा पहिला फसलेला माणूस कोण, तर माझा सख्खा मामा. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. तू माझं पत्र वाचलंस की नुसतं अक्षर पाहिलंस?

आता धडा घेते, तुझा एकट्याचा. पान काचेवरून काढ आणि हातात धर. फोटो आहे का? नाही, चित्र आहे. म्हणजे वस्तू अजून झालेलीच नाही. महिन्याभरात घरपोच म्हणे! खरी प्रामाणिक माणसंसुद्धा अशा कामात वर्ष-वर्ष उशीर करतात, कारण एक नमुना बनवणं वेगळं आणि हजार नग बनवणं वेगळं. "आजच द्या, पहिले शंभर" ही घाई कशाला? तर तुम्ही विचार करू नये म्हणून. "जोखीम अजिबात नाही" असं जो लिहितो त्याच्यापासून चार हात लांब राहायचं. कारण वर्गणी घालणं म्हणजे दुकानातली खरेदी नव्हे. वस्तू मिळेल, न मिळेल, उशिरा मिळेल, आणि ज्या वेबसाइटवर पैसे भरलेत ती बहुतेक वेळा आपला वाटा कापून घेऊन बाजूला होते. बऱ्या वेबसाइटवर निदान एवढं असतं की ठरलेली रक्कम जमेपर्यंत पैसे वेगळे राहतात, आणि नाही जमली तर ज्याचे त्याला परत जातात.

वर्गात मी चार प्रश्न पाठ करून घेते. पैसे घालायच्या आधी हक्काने विचारायचे. तू कोण? पैसे कशाला? वस्तू कधी देणार? आणि नाही जमलं तर काय? ज्याला या चारांची सरळ उत्तरं देता येत नाहीत, त्याला वर्गणी नाही.

मामा, आता खरं सांग. पैसे आहेत ना? खर्च नाही ना केलास माझ्यासाठी कुठे? चाळीस वर्षांत तुझ्या दुकानातून एक रुमाल हरवला नाही असं तू जगाला सांगतोस. आणि माझ्या एका पानापायी लोक तुला लबाड म्हणाले, तर मी तोंड कुठे लपवू? सगळ्यांचे पैसे परत कर, आजच्या आज.

आणि काचेवर?? आईच्या रोजच्या वाटेवर??

भिंगरी

१७ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहितोय, कारण बातमीच तशी आहे. पोटात मावत नाही.

काल दुकानात एक साहेब आले. बूट असे की त्यात मला माझा चेहरा दिसला, आणि तोही बरा दिसला. म्हणाले, मी वर्गणीचा सल्लागार. काचेवरचं पान पाहिलं, म्हणाले, काय कल्पना आहे! पण तुम्ही हे एका रस्त्यावर ठेवून तिची माती करताय. सगळी रक्कम माझ्याकडे द्या, मी पान जगभर पोचवतो, तीन आठवड्यांत दहापट. त्यांची फी तेवढी आधी कापून घेतात, पण ते म्हणाले तो रिवाजच आहे.

शनिवारी चार वाजता ते पैसे न्यायला येतील. जाताना कोट इस्त्रीला टाकून गेले, फुकट करून द्या म्हणाले, आता आपण भागीदार. मी म्हटलं का नाही!

पैशांची काळजी करू नकोस. आपल्या पद्धतीने ठेवलेत.

दहापट, भिंगरे! तुला दोन खोल्या घेऊ. खिडकीवाल्या.

मामा

ता.क. मला तो बूटवाला आवडला नाही. खिशात हात घालून बोलतो. — मामी

१९ मार्च

मामा,

फोनवर तू ऐकतच नाहीस, म्हणून हे पत्र सगळ्यात महागड्या टपालाने पाठवतेय. त्याला एक पैसाही देऊ नकोस!

असे सल्लागार मला पुरते ठाऊक आहेत. जिथे वर्गणी तिथे हे येतातच, साखर सांडली की मुंग्या याव्यात तसे. फी आधी घेतात आणि मग ना फोन ना पत्ता. माझ्या वर्गात यांच्यावर आख्खा एक तास आहे.

शनिवारी वर्गाला अठ्ठावन्न माणसं यायची आहेत, नाहीतर मी आत्ताच निघाले असते. सोमवारी पहिल्या गाडीने येते. तोपर्यंत दुकान बंद ठेव, आजारी पड, बॉयलर फुटला म्हणून सांग, काय वाटेल ते कर. मामी, तू दारात उभी राहा.

जीव टांगणीला लागलाय माझा.

भिंगरी

२१ मार्च

चि. भिंगरी,

मामीने काल संध्याकाळी तुला फोन करून सांगितलंच असेल की सगळं ठीक आहे, येऊ नकोस, आधी पत्र वाच. आता सविस्तर लिहितो. पण आधी गुन्हा कबूल करतो.

तुझं पहिलं पत्र मी वाचलंच नाही. टपालवाल्याने दिलं, हात ओले होते, खिशात टाकलं, आणि संध्याकाळी सदरा मशीनमध्ये गेला. गरम पाण्यात. जगाचे खिसे उलटे करून तपासणारा मी, आणि स्वतःचा खिसा विसरलो! तुझ्या शाईच्या पत्राचा निळा लगदा झाला. छापील पान तेवढं टिकलं. ते वाळवलं, इस्त्री केलं आणि वाचलं. मामीला कसं सांगणार? चाळीस वर्षांची अब्रू! म्हणून म्हटलं अक्षर सुधारलंय. मामी आता दर तासाला माझे खिसे तपासते.

आता शनिवारचं ऐक. चारला साहेब आले, बूट तेच. म्हणाले, द्या. मी म्हटलं, द्या.

"काय द्या?"

"टोकनं. ज्याचे पैसे त्याचं टोकन. टोकन आणल्याशिवाय मी इथून मोजाही देत नाही."

ते हसले. मला वाटलं त्यांना पद्धत माहीत नसेल, म्हणून कप्पे उघडून दाखवले. अगं, मी दुसरं काय करणार होतो? लोकांनी वस्तू दिली, मी टोकन दिलं, वस्तूला नंबर टाचला. प्रत्येकाच्या नोटा त्याच्या पाकिटात, त्याच्या नंबरखाली, साफ करून, इस्त्री मारून. बेकरीवालीच्या नोटांना पिठाचा वास होता तो गेला. एकाचा सदरा दुसऱ्याला देत नाही, मग एकाची नोट दुसऱ्याला कशी देऊ? तुला पाठवायचे तेही तसेच पाकिटांनी पाठवणार होतो, त्रेचाळीस.

साहेबांचं तोंड बघायला हवं होतंस. म्हणाले, अहो, पैसा तो पैसा, सगळे एकत्र करा आणि द्या. मी म्हटलं, साहेब, पांढरे आणि रंगीत मी जन्मात एकत्र केलेले नाहीत. मग ते चिडले. म्हणाले, मालक कोण इथला? मी म्हटलं, इस्त्रीचा मालक मी, कपडा लोकांचा. मग आवाज चढवला, तशी मामी आतून वाफेची इस्त्री घेऊन आली. नुसती उभी राहिली हं, काही बोलली नाही. इस्त्री मात्र बोलत होती. साहेब जे गेले ते कोट न घेताच गेले. कोट इथेच आहे, नंबर सत्तावन्न. टोकन आणलं की देईन.

अर्ध्या तासाने तुझं पंधरा तारखेचं पत्र आलं, आणि त्याच्या जोडीला ते महागड्या टपालाचंही. या वेळी मामीने टपालवाल्याच्या हातातूनच काढून घेतलं आणि मोठ्याने वाचलं. "चादर नाही, कधी नव्हती" इथे मी मळक्या कपड्यांच्या ढिगावर बसलो. भिंगरे, साहेब परवडला, पण त्रेचाळीस माणसांना काय तोंड दाखवू? मी फसलो याचं काही नाही. मी त्यांना हाताला धरून फसवायला नेलं होतं. त्यांनी चादरीवर कुठे भरवसा ठेवला होता? माझ्यावर ठेवला होता.

मामी म्हणाली, डाग पडलाय ना, मग लपवून जातो का? लगेच धू.

म्हणून आज सकाळी काचेवर पाटी लावली: "चादर नाही. कधीच नव्हती. चूक माझी. टोकन आणा, पैसे न्या." आणि मी काउंटरमागे उभा राहिलो, शाळेत छडी खायला उभा राहायचो तसा.

दहापर्यंत रांग कोपऱ्यापलीकडे गेली. पहिली बेकरीवाली. मी मान खाली घालून पाकीट दिलं. तिने नोट बाहेर काढली, उजेडात धरली आणि ओरडली, "अय्या, किती कडक! खळ घातलीस की काय?" झालं! सगळ्या रांगेला आपापल्या नोटा बघायच्या होत्या. दातांच्या डॉक्टरने टोकन हरवलं होतं. मी म्हटलं, नियम आहे, वस्तूची खूण सांगा. म्हणाला, माझ्या नोटेच्या कोपऱ्यावर शाईने फोन नंबर होता. अगं, तो मी डाग समजून काढून टाकला होता! मी म्हटलं, डॉक्टर, माफ करा, कोणाचा नंबर होता? म्हणाला, सासूचा. मग म्हणाला, राहू दे, उपकारच झाले.

एक माणूस मात्र चिडला. चष्म्याच्या दुकानाचा मालक. म्हणाला, तुमच्या शब्दावर दिले होते, पुढच्या वेळी विचार करीन. मी म्हटलं, करा. तुझे चार प्रश्न मी त्याला कागदावर लिहून दिले, म्हटलं, मलासुद्धा विचारत जा. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. मी म्हटलं, धुवायला टाकताना काढा हं.

आणि मग हेडबाई म्हणाल्या, "चादर नाही ते कळलं. पण घडी? पानावर आठ सेकंद लिहिलं होतं. तुम्हाला येते का?" मी म्हटलं, बाई, ते तर माझं रोजचं काम. इलॅस्टिकवाली मोठी चादर घेतली, कोपऱ्यात कोपरा घातला, दुसरे दोन वरून, झटकली, तीन घड्या. हेडबाईंच्या हातात घड्याळ. सात सेकंद! रस्ताभर टाळ्या! मग काय विचारतेस, जो तो घरी धावला आणि आपापली चादर घेऊन आला. भर रस्त्यात तीस माणसं चादरीत हात घालून उभी, कोपरा सापडेना, हसून हसून खाली बसली. गाड्या थांबल्या, गाडीवालेही उतरले. डॉक्टर स्वतःच चादरीत गुंडाळला गेला. हेडबाई म्हणाल्या, वर्गणी दिली, वस्तू मिळाली, वर पैसेही परत, असा व्यवहार आयुष्यात पाहिला नाही.

त्यांनी तुझं पत्र वाचून घेतलंय. म्हणतात, ही मुलगी इथे येऊन वर्ग कधी घेणार? जागा म्हणून माझं दुकान ठरलंसुद्धा. मोठं मशीन बंद ठेवीन, वचन देतो.

एक्केचाळीस पाकिटं गेली. दोन राहिली. सतरा नंबर, मामी म्हणते ते राहू दे. आणि एक नंबर माझं.

त्या एकाबद्दलच विचारायचंय. पान खोटं, चादर खोटी, कारखाना खोटा, सगळं मान्य. पण मी चाळीस वर्षं डाग बघतोय. कुठला वरवरचा आणि कुठला धाग्यात गेलेला, हे मला पाण्यात घालायच्या आधी कळतं. "घरी कोणाला सांगायची हिंमत होत नाही." ही ओळ धुतली गेली तरी पुसली गेली नाही, बाळा. खरी आहे का ती?

एक नंबरचं टोकन सोबत पाठवतोय. तुझ्या नावावर केलंय.

मामा

२८ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न माणसं बाकं बडवत होती. एका आजोबांनी विचारलं, हे मामा आपली वेबसाइट काढतील का? ज्याचे पैसे त्याच्या नंबराखाली वेगळे ठेवायचे, ही गोष्ट समजावायला मला दोन तास लागतात. आता मी फक्त "पांढरे आणि रंगीत एकत्र नाहीत" एवढंच फळ्यावर लिहिते. पुढच्या शनिवारी चादरही नेणार आहे.

शेवटची ओळ मात्र वर्गात वाचली नाही. खोलीवर येऊन वाचली, आणि मग भरपूर रडून घेतलं.

खरी आहे, मामा. पानावर नोकरी, खोली आणि ही ओळ, एवढंच खरं होतं. सहा महिने झाले नोकरी सोडून. मी ज्या कंपनीत होते तिची अशीच वर्गणीची वेबसाइट होती आणि माझं काम पानं सजवायचं. गोष्ट मोठ्या अक्षरात, जोखीम बारीक अक्षरात. आणखी बारीक कर, म्हणायचे, मी करायचे. मग एके दिवशी एका म्हाताऱ्या शिक्षकांचा फोन आला. ऐकू येण्याच्या यंत्रासाठी त्यांनी दोन वर्षांपूर्वी पैसे घातले होते. भांडले नाहीत रे. म्हणाले, "बाळ, मला वाचताना ते बारीक दिसलं नाही, माझीच चूक." ते बारीक मी केलं होतं. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि वाचनालयात जाऊन विचारलं, एक खोली मिळेल का शिकवायला.

आता एका छापखान्यात मुद्रितं तपासते, भाडं निघतं. सुखात आहे, खरंच. पण आईने ती नोकरी लागली तेव्हा आख्ख्या रस्त्याला सांगितलं होतं, आठवतं? तिला कसं सांगू? दर रविवारी फोनवर "ऑफिस कसं आहे" विचारते आणि मी "नेहमीचंच" म्हणते. जोखीम बारीक अक्षरात लिहायची सवय अजून गेली नाही बघ माझी.

लोकांना मी सांगते, लपवणाऱ्याला वर्गणी देऊ नका. मग मी तुझं टोकन कुठल्या तोंडाने घेऊ? बॉयलर घे. आईला मीच सांगेन. लवकरच. तोवर तू काही बोलू नकोस.

तुझी
भिंगरी

३१ मार्च

चि. भिंगरीस,

मामीचे आशीर्वाद. हे पत्र मी लिहितेय, कारण तुझा मामा रडतोय आणि म्हणतोय वाफेमुळे. टपालपेटीतही मीच टाकणार आहे. त्याचा खिसा आणि टपाल, हे आता या घरात एकत्र येत नाही.

मामाने कोणाला काही सांगितलेलं नाही. तसं सांगायची गरजही नव्हती. सतरा नंबरचं टोकन तुझ्या आईचं आहे.

पान काचेवर लागलं त्याच दिवशी ती दोनदा वाचून गेली, आणि दुपारी मागच्या दाराने आली. पैसे दिले, म्हणाली, भावाला सांगू नकोस. मी म्हटलं, ताई, तुम्हाला कशाला चादर? तुमच्या पलंगाला तर साध्या चादरी. म्हणाली, चादर कोणाला हवीय! सहा महिन्यांपूर्वी तिने तुझ्या ऑफिसात फोन केला होता, तुझा लागत नव्हता म्हणून. त्यांनी सांगितलं, त्या इथे नाहीत. तेव्हापासून दर रविवारी ती विचारते, तू "नेहमीचंच" म्हणतेस, आणि ती फोन ठेवून माझ्याकडे येऊन बसते. आपण होऊन सांगेल तेव्हा सांगेल, म्हणते. रागावली नव्हती गं. तुझी हिंमत होत नाही म्हणून तिचीही होत नव्हती.

काल तुझं पत्र आलं तेव्हा ती इथेच होती. आता तूच सांग, मी काय करणार? मोठ्याने वाचायची सवय लागलीय मला. शिक्षकांचा भाग आला तेव्हा तिने चष्मा काढला, पदराने पुसला, आणि म्हणाली, "बरं केलंन." मग पुन्हा म्हणाली. आणि संध्याकाळपर्यंत आख्ख्या रस्त्याला सांगून आली की माझी मुलगी फुकट शिकवते. नोकरी लागली तेव्हापेक्षा मोठ्याने सांगितलं.

पैसे परत घ्या म्हटलं तर घेत नाही. मामाही त्याचे घेत नाही. दोघं भावंडं एकासारखी एक. ती म्हणते, मी वर्गणी घातलीय, मला टोकन आहे, तर चार प्रश्न विचारायचा माझा हक्क आहे. तू कोण, ते तिला माहीत आहे. पैसे कशाला, तेही आता कळलं. तिसरा तेवढा तुला विचारायला सांगितलाय: कधी येतेस?

चौथ्याची मीच तिला आठवण करून दिली, नाही जमलं तर काय? तो तिने खोडून टाकला. म्हणाली, "नाही जमलं तर मी आहे."

गाडीची वेळ कळव. येताना टोकन आण, नाहीतर तुझा मामा तुला पाकीट देणार नाही. भाची असलीस तरी नाही.

तुझी
मामी